गरज, गोष्ट, गोतावळा… आणि गिऱ्हाईक

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

आज विषय जरा जड आहे, पण तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमध्ये तो रोज वाजतो, म्हणून घेतलाय. धंदा, यश आणि कट्टरपणा. तुम्ही म्हणाल, या तिघांचा एकमेकांशी काय संबंध? मला वाटतं, फार जवळचा आहे. तिन्ही एकाच भुकेतून जन्माला येतात.

आधी एका शब्दाबद्दल. गाडीच्या मागच्या काचेवर, इन्स्टाच्या बायोमध्ये, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तुम्ही 'कट्टर' हा शब्द वाचला असेल. कट्टर फॅन, कट्टर समर्थक, कट्टर कार्यकर्ता. आपण तो कौतुकाने लावतो. आणि 'अतिरेकी' म्हटलं की मात्र कुणीतरी दुसरा डोळ्यासमोर येतो. आपण कट्टर, ते अतिरेकी! पण अतिरेकी हा शब्द साध्या 'अतिरेक'मधून आलाय. अति तेथे माती, असं आपली आजी म्हणायची तोच अतिरेक. त्याला जात, धर्म, पक्ष काही नसतो. आज मी ज्याबद्दल बोलणार आहे तो कुणा एका बाजूचा प्रश्न नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

बेकारी हे कारण आहे का?

आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे. पोरं रिकामी आहेत, हाताला काम नाही, शिक्षण नाही, म्हणून भडकतात. काम द्या, सगळं शांत होईल. ऐकायला बरं वाटतं. पण अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा चित्र वेगळं निघालं.

ॲलन क्रूगर नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि यित्का मालेच्कोव्हा या सहकारी बाईंनी लेबनॉनमध्ये मारल्या गेलेल्या हिजबुल्लाच्या लढवय्यांची माहिती पाहिली. ते तिथल्या सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त गरीब किंवा कमी शिकलेले नव्हते. उलट थोडे बऱ्या घरचे आणि जास्त शिकलेले होते. पुढे दिएगो गाम्बेत्ता आणि श्टेफेन हेर्टोग यांचं २०१६ साली पुस्तक आलं. त्यांना इस्लामी दहशतवादी संघटनांमध्ये इंजिनियर लोकांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दिसलं. इंजिनियर! नाशिकमध्ये हा भाग ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तरी बी. ई. नाहीतर डिप्लोमावाले असतील, म्हणून मुद्दाम सांगतोय. त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक आपल्याला लगेच पटेल असं आहे. मोठी स्वप्नं दाखवून शिकवलं, डिग्री दिली, आणि त्या डिग्रीला साजेशी जागा समाजात मिळालीच नाही.

म्हणजे रिकामं पोट हे पूर्ण उत्तर नाही. मला कुणी मोजत नाही, ही बोच त्याहून खोल जाते.

आरी क्रुग्लान्स्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे तीन शब्दांत मांडलंय. माणूस टोकाला जातो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात. मी त्यांना मराठीत तीन 'ग' म्हणतो. पहिला, गरज. आपल्याला काही किंमत असावी, ही गरज. दुसरा, गोष्ट. तुझी किंमत कुणी हिरावली आणि ती परत कशी मिळवायची, हे सांगणारी गोष्ट. आणि तिसरा, गोतावळा. ती गोष्ट रोज खरी वाटायला लावणारी आपली माणसं.

आता गंमत बघा. तुम्ही धंदा सुरू करता तेव्हाही हेच तीन 'ग' लागतात. स्वतःला सिद्ध करायची गरज. 'मी हे का करतोय' ही गोष्ट. आणि सोबत उभा राहणारा गोतावळा. कुठल्याही स्टार्टअपवाल्याला विचारा, तो याच तीन गोष्टी सांगेल. मग एक पोरगा कारखाना टाकतो आणि दुसरा द्वेष पसरवत बसतो, हा फरक कुठे पडतो? माझं उत्तर चौथ्या 'ग'मध्ये आहे. गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणजे असा माणूस जो तुमच्या गोतावळ्यात नाही, तुमची गोष्ट त्याला पाठ नाही, आणि तो तोंडावर 'नाही' म्हणू शकतो. तुमचा माल खराब असेल तर तो तुमची जात, धर्म, देशप्रेम काही बघत नाही. परत पाठवतो. कट्टरपणाच्या दुकानाला गिऱ्हाईकच नसतं. तिथे सगळे मालक आणि सगळेच टाळ्या वाजवणारे. माल खराब आहे, हे सांगायला बाहेरचं कुणी येतच नाही.

द्राक्षं परत आली तेव्हा

आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. २०१० सालचा द्राक्षाचा सीझन ज्यांच्या घरात द्राक्षबाग आहे ते विसरलेले नसतील. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. आपले शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात, वेलीची वाढ आवरायला वापरायचे. युरोपच्या मर्यादेपेक्षा अंश जास्त निघाला आणि माल अडकला. वर्षभराची मेहनत, कर्ज काढून केलेली बाग, आणि तिकडून उत्तर आलं: नको.

अशा वेळी एक गोष्ट अगदी तयार असते. गोऱ्या लोकांना आपला शेतकरी वर आलेला बघवत नाही. हा कट आहे. ही गोष्ट सांगून त्या वर्षी टाळ्या मिळाल्या असत्या, राग एकवटला असता. आणि खरं सांगायचं तर नियम करणारे तिकडचे आणि नुकसान इकडच्यांचं, ही तक्रार पूर्ण खोटीही नव्हती. पण पुढच्या सीझनला कंटेनर मात्र भरला नसता.

झालं ते वेगळं. औषधांच्या अंशाची तपासणी कडक झाली. कुठली फवारणी कधी केली याच्या नोंदी ठेवण्याची शिस्त आणखी घट्ट झाली. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला आज जी सह्याद्री फार्म्स दिसते, ती याच काळात शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी म्हणून उभी राहिली. विलास शिंदे हे कृषी अभियांत्रिकी शिकून शेतीत उतरलेले गृहस्थ. २००४ च्या सुमारास मोजक्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी द्राक्ष निर्यातीला सुरुवात केली होती. आज त्या कंपनीशी हजारो शेतकरी जोडलेले आहेत आणि देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत तिचं नाव घेतलं जातं.

मी सह्याद्रीची जाहिरात करत नाहीये. माझा मुद्दा त्या रचनेचा आहे. शेतकरीच मालक. म्हणजे एकाच्या बागेतलं औषध चुकलं की सगळ्यांचं नाव खराब होणार. तुमचं यश शेजाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून, आणि शेजाऱ्याचं तुमच्या. 'उद्देश असलेलं यश' असं आपण मोटिव्हेशनल भाषणात ऐकतो ना, ते प्रत्यक्षात असं दिसतं. भिंतीवर चिकटवलेलं मिशन स्टेटमेंट कितीही भारी असू द्या, तुम्ही बुडालात तर कोण बुडेल आणि तुम्ही तरलात तर कोण तरेल, याचं खरं उत्तर म्हणजे उद्देश.

राग वाईट नसतो

इथे कुणी मला थांबवेल. म्हणेल, दादा, तुम्ही सगळ्यांना गप्प बसायला सांगताय का? अन्याय झाला तरी गिऱ्हाईकाकडे बघून हसायचं?

अजिबात नाही. आणि त्याचा पुरावा पंचवटीतच आहे.

२ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, आणि नाशिकमध्ये ज्यांनी तो वर्षानुवर्षं टिकवला ते दादासाहेब गायकवाड. हजारो माणसं जमली. देवळाच्या चारही दरवाजांपाशी पुरुषांच्या आणि बायकांच्या तुकड्या बसल्या. रामनवमीला रथाच्या वेळी गोंधळ झाला, सत्याग्रहींवर दगड पडले. सत्याग्रह जवळजवळ पाच वर्षं चालला आणि त्या पाच वर्षांत मंदिर उघडलं नाही.

विचार करा. पिढ्यानपिढ्यांचा अपमान. समोर बंद दरवाजा. अंगावर दगड. टोकाला जायला याहून मोठं कारण कुठलं असतं? गरज होती, गोष्ट खरी होती, गोतावळा हजारोंचा होता. तरीही ती चळवळ द्वेषाच्या वाटेने गेली नाही. कारण तिने स्वतःला उत्तर द्यायला बांधून घेतलं होतं. आधी विश्वस्तांना नोटीस, मग शिस्तीत सत्याग्रह. बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून स्पष्ट केलं होतं की, मूर्तीच्या पूजेने उद्धार होईल म्हणून हा सत्याग्रह नव्हता. आपल्या माणसांना जागं करणं, त्यांना त्यांच्या स्थितीची जाणीव देणं हा हेतू होता. आणि तो मार्ग पुरा झालाय असं वाटलं तेव्हा त्यांनी तो बंद केला. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, धर्मांतराची घोषणा झाली. पुढे पक्ष निघाले, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, कॉलेजं निघाली. राग गेला नाही, त्याच्या संस्था झाल्या.

याच धाग्यावर पुढे २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, सुरू केली. नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे होऊया, हा तिचा सूर. अपमानाला दिलेलं हे उत्तर मला फार मोठं वाटतं. समोरच्याला खाली न ओढता स्वतःची उंची वाढवायची.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कट्टरपणाचं मूळ रागात नाही. राग तर हवाच. ज्या रागाला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही, तो राग कुजतो.

मालेगावचे माग

नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की मालेगाव. आपल्याच जिल्ह्यात, आणि तरी नाशिकच्या कितीतरी पोरांनी ते फक्त बातम्यांत पाहिलंय.

८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या शुक्रवारी तिथे स्फोट झाले, तीसहून जास्त माणसं गेली. २९ सप्टेंबर २००८ ला भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा माणसं गेली. २००६ च्या प्रकरणात आधी पकडलेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. २००८ च्या प्रकरणातल्या सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली. या दोन्ही निकालांनंतर सोशल मीडियावर काय झालं ते आठवून बघा. दोन्ही बाजूंच्या गोतावळ्यांना आपापली गोष्ट आधीपासून पाठ होती. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्या घराचं काय, हे विचारणारा आवाज फार बारीक होता.

पण त्याच गावाची दुसरी बाजू यंत्रमागाची आहे. मोसम नदीच्या अलीकडे-पलीकडे वस्त्या वेगळ्या असतील, पण कापड एका बाजूला तयार होत नाही. सूत आणणारा, बीम भरणारा, माग चालवणारा, कापड उचलणारा, हे सगळे एका धर्माचे नाहीत. माग बंद पडला की दोन्हीकडची चूल थंडावते.

आणि त्याच गावात नासिर शेख नावाचा एक माणूस व्हिडिओ पार्लर चालवायचा. त्याने मोठ्या सिनेमांच्या स्वस्तातल्या, विनोदी मालेगावी आवृत्त्या काढायला घेतल्या. 'मालेगाव के शोले' गाजला. मग सुपरमॅन आला, आणि तो झाला कोण, तर यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख. फैजा अहमद खान यांनी यावर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव', आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरमध्ये आला. मला यात सगळ्यात जास्त काय भावतं सांगू? हिरो होण्याची भूक त्या पोरांनाही होतीच. पण ती भागवायला त्यांना तिकीट काढून हसणारा प्रेक्षक लागत होता. हसला नाही तर सिनेमा पडला. पुन्हा तेच, गिऱ्हाईक.

अशीच गोष्ट दुसऱ्या यंत्रमागांच्या गावाची, भिवंडीची. १९८४ मध्ये तिथे भयंकर दंगल झाली होती. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची माणसं, गल्लीपातळीवर, नेमाने समोरासमोर. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. 'तुझी बातमी खोटी आहे, मी आत्ता तिथूनच आलोय' असं तोंडावर सांगणारा माणूस प्रत्येक गल्लीत असेल, तर अफवेचा धंदा बसतो.

माझ्या शेडमधला पोरगा

आता थोडं माझं. माझं सातपूरला पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाच्या बॉक्सची मारामारी, बाकी वर्षभर किरकोळ ऑर्डरी. माझ्याकडे बावीस वर्षांचा एक पोरगा होता, डिप्लोमा झालेला, हुशार. स्टेपलिंगवर उभा राहायचा आणि मनातून चिडलेला असायचा, कारण शिकला होता वेगळं. त्याचं स्टेटस मी बघायचो. आधी गाणी, मग कोट्स, मग 'ते लोक'. रोज 'ते लोक'. जेवणाच्या सुट्टीत कुणी विरुद्ध बोललं की हा त्याला गद्दार म्हणायचा.

मी त्याला भाषण दिलं नाही. डिस्पॅच दिला. चलन बनवणं, टेम्पो लावणं, उधारी वसूल करणं. त्यात मालेगावचा एक कापडवाला होता. पहिल्या खेपेला हा तिथे गेला तेव्हा घाबरूनच गेला होता. खोक्यांचं माप अर्धा इंच कमी होतं, त्या गृहस्थांनी पूर्ण गाडी परत पाठवली. पण पाठवण्याआधी जेवायला बसवलं, आणि माप कसं घ्यायचं ते टेप धरून दाखवलं.

आता हा पोरगा काही संत झाला नाही. अजूनही फॉरवर्ड करतो. पण एक बदल झाला. 'ते लोक' हा शब्द गेला. हल्ली तो म्हणतो, "साहेब, तो मालेगाववाला फार बारकाईने माल बघतो आणि पेमेंट लेट करतो." मला हे ऐकून बरं वाटतं. एका अख्ख्या समाजाबद्दलचा द्वेष जाऊन एका माणसाबद्दलची तक्रार आली. तक्रारीवर फोन करता येतो. द्वेषावर कुणाला फोन करणार?

हसलवाले रील आणि आपण

शेवटचा मुद्दा, आणि हा धंदा करणाऱ्यांसाठी. आपल्या क्षेत्रातही कट्टरपणा आहे, फक्त तो सूट घालून येतो. 'चार तास झोपा.' 'जे सोबत नाहीत त्यांना आयुष्यातून काढून टाका.' 'एक दिवस सगळ्यांना दाखवून द्यायचंय.' नीट ऐका. यातही दुखावलेली गरज आहे, बदल्याची गोष्ट आहे, आणि हो म्हणणारा गोतावळा आहे. ज्याला फक्त दाखवून द्यायचंय, तो पैसा आल्यावरही थांबत नाही, कारण ज्यांना दाखवायचंय ते बघतच नसतात. मग तो नवीन शत्रू शोधतो. धंद्यातला कडवा माणूस आणि ग्रुपवरचा कडवा माणूस यांच्यात तेव्हा फार अंतर उरत नाही.

म्हणून स्वतःला विचारायचे तीन प्रश्न देतो. मी ते दर दिवाळीला, वहीपूजनाच्या आधी विचारतो. एक, माझ्या कामामुळे माझ्या घराबाहेरच्या कुणाचं नक्की काय सोपं झालं? नाव घेता आलं पाहिजे, 'समाजाचं' असं उत्तर चालणार नाही. दोन, मला तोंडावर 'नाही' म्हणू शकेल असा, माझ्या जातीचा-धर्माचा-पक्षाचा नसलेला, किमान एक माणूस माझ्या आयुष्यात आहे का? आणि तीन, गेल्या वर्षभरात त्याच्या 'नाही'मुळे मी माझं एखादं मत किंवा एखादं माप बदललं का?

तिन्हींची उत्तरं असतील तर तुम्ही छोटी टपरी चालवत असलात तरी माझ्या लेखी यशस्वी आहात. उत्तरं नसतील तर टर्नओव्हर कितीही असो, थोडी काळजी घ्या.

फोनमधला अल्गोरिदम आपल्याला गिऱ्हाईक देत नाही, तो फक्त गोतावळा वाढवत नेतो. गिऱ्हाईक शोधायला शेडच्या बाहेर पडावं लागतं, टेम्पोत बसावं लागतं, कधी गाडी परत आणावी लागते.

आजच्या भागातलं काही पटलं नसेल तर मला तसं नक्की कळवा. 'एकदम भारी दादा' वाले मेसेज मी वाचतो, पण खरी उत्तरं मी दुसऱ्यांना देतो. पुढच्या भागात उधारी कशी वसूल करायची यावर बोलू, कारण द्राक्षाचा सीझन तोंडावर आलाय. तोवर काळजी घ्या. नमस्कार.